माघात कमी पडलेले चार तास

सुरुवात करण्यात मनिषा कुणाला हार जाणारी नव्हती. घोडं अडायचं ते शेवटाशी. शिवणाचा क्लास तिनं लावला तो परकरापर्यंत झकास चालला, आणि ब्लाउजच्या बाहीशी आल्यावर सुटला. पार्लरचा कोर्स अडीच महिने केला. सर्टिफिकेटाच्या परीक्षेदिवशीच नवरा बोटीवरून उतरणार होता, तेव्हा बाई मुंबईला. टायपिंगची एक परीक्षा दिली, दुसरीची फी भरली आणि परीक्षेचा दिवसच विसरली. घरात अर्धवट विणलेले दोन स्वेटर होते, त्यातला एक आता लेकीला मनगटापर्यंतही आला नसता. खारवीवाड्यात तिला आरंभशूर म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत. ती हसायची. पण शब्द लागायचा तो लागायचाच.

बाई आळशी मात्र नव्हती. पायाला भिंगरी बांधल्यासारखी फिरायची. सकाळी भाजी आणायला म्हणून निघाली की बँकेत जाऊन यायची, मारुती मंदिराला एका मैत्रिणीला भेटायची, आणि घरी आल्यावर तिला आठवायचं की भाजी राहिली. नवरा दत्ताराम मालवाहू जहाजावर खलाशी. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने रत्नागिरीत. तो घरी नसताना तिच्यानं एका जागी बसवत नसे, आणि तो असताना तर बसायला वेळच नसे.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिनं आणखी एक सुरुवात केली. एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवायचा एक कारखाना आहे. तिथे ती हंगामात माकूल आणि कोळंबी निवडायला जाई. नुसत्या बोटांच्या अंदाजानं ती कोळंबीचे आकार इतके अचूक वेगळे करी की एकदा मॅनेजर उभा राहून बघत बसला. म्हणाला, तुमच्याकडे पदवी असती तर तुम्हाला वर ऑफिसात निर्यातीच्या कागदांवर बसवलं असतं. त्यानं ते सहज म्हटलं असेल. मनिषानं ते ऐकलं आणि जूनमध्ये कॉलेजात जाऊन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदवीला नाव घालून आली.

वाड्यातल्या लोकांनी पैजा लावल्या. कुणी म्हणालं दिवाळीपर्यंत, कुणी म्हणालं शिमग्यापर्यंत. वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, अनुभवाचे बोल होते.

पदवीच्या अटी ऐकूनच एखाद्याचे पाय गळाले असते. तीन वर्षं, सहा सत्रं, एकशे बत्तीस क्रेडिट. पंच्याहत्तर टक्के हजेरी. अर्थशास्त्र, हिशेब, संख्याशास्त्र, परकीय चलन, सीमाशुल्काचे कायदे, मालाचा विमा, एक परदेशी भाषा, एक प्रकल्प. आणि शेवटच्या सत्रात, निर्यातीशी संबंध असलेल्या एखाद्या संस्थेत एकशे वीस तास प्रत्यक्ष काम, त्याची रोजची डायरी, पानापानावर देखरेख करणाऱ्याची सही. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीचं सगळं असून नसल्यासारखं.

मनिषा एकोणीस वर्षांच्या पोरांत जाऊन बसली. पोरं तिला आधी मावशी म्हणाली, मग ताई म्हणाली, आणि तिसऱ्या सत्रात तिच्याकडूनच नोट्स मागायला लागली. कारण पुस्तकातल्या कितीतरी गोष्टी तिच्या घरातल्या होत्या. माल जहाजावर चढला की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, हे सरांनी फळ्यावर आकृती काढून तीन वेळा सांगितलं. तिला एकदाच ऐकून कळलं. दत्ताराम जहाजावर चढला की त्याची जबाबदारी कंपनीची होते. काळजी कुणाची, ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. रॉटरडॅम, बुसान, सांतोस ही नावं तिनं त्याच्या फोनवरून ऐकलेली, लेकीच्या नकाशात बोटानं शोधलेली. संख्याशास्त्रात केटी लागली तेव्हा मात्र आता ही सोडणार असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं. ती तीन दिवस घरातले डबे घासत राहिली, चौथ्या दिवशी पुन्हा पुस्तक काढलं आणि पुढच्या खेपेला पेपर काढला.

अशी ती सहाव्या सत्राला पोचली. राहिले एकशे वीस तास.

कारखान्यात ती हंगामी कामगार, म्हणून तिथलं काम नियमात बसत नव्हतं. अभ्यासक्रम सांभाळणारे हर्षद सर, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, भला माणूस. त्यांनीच सुचवलं की मासळी परदेशी जाते तिची पहिली कडी म्हणजे जेटीवरचा लिलाव. मच्छीमार सोसायटीत कुणी ओळखीचं आहे का? मनिषाला हसू आलं. खाडीतल्या जेटीवर सोसायटीचा लिलाव पुकारते ती धोंडूबाई तिची सख्खी आत्ते.

धोंडूबाई अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं लिलाव पुकारत आलेली, आणि अजूनही तिच्या आवाजानं खाडीपलीकडची कुत्री उठतात. साठीला टेकल्यावर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन तिनं सही शिकली. त्या सहीचं तिला इतकं अप्रूप की ती कुठेही उठून करत नसे. सोसायटीचा सेक्रेटरी कागद घेऊन आला तर आधी वाचून दाखव म्हणे, मग पुन्हा वाचायला लावी, मग सही.

भाची मदतीला येणार म्हटल्यावर आत्ते म्हणाली, माघ महिनाभर ये. पाडव्यापासून अवसेपर्यंत. मनिषानं तिथल्या तिथे मनात गुणाकार केला. तीस तिथी, रोज चार तास, एकशे वीस. इतकं गोळीबंद गणित तिला संख्याशास्त्रातही कधी सुटलं नव्हतं.

जेटीवरची वेळ घड्याळाची नसते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, म्हणून मोठ्या बोटी भरतीवरच आत येतात, आणि भरती रोज सरकते. तिची वेळ काढायला मच्छीमाराला पंचांग लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यामुळे जेटीवर सगळे तिथीनं बोलतात. तारीख विचारली तर शंभरातले नव्वद जण मोबाईल काढतील, तिथी मात्र झोपेतून उठवून विचारा.

महिनाभर मनिषानं काम मनापासून केलं, हे कुणीही सांगेल. ट्रेनिंगपुरती वर्गातून सूट होती. कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला, कधी उजाडता ती जेटीवर हजर. टोपल्या लावायच्या, माल वेगळा करायचा, निर्यातीचा कुठला नि बाजाराचा कुठला ते बघायचं, कुणाची बोली किती ते लक्षात ठेवायचं. एकच गोष्ट तिनं केली नाही. डायरी. रोज लिहायची असते ती डायरी तिनं रोज उद्यावर टाकली, आणि महिना संपल्यावर एका दुपारी चहाचा टोप शेजारी ठेवून एका बैठकीत लिहून काढली. शुद्ध प्रतिपदा ते अमावास्या. पुढे वेळ पाऊणपटीनं, पुढे कामाचं वर्णन. तीस ओळी. वर्णनं वाचून तिचं तिलाच कौतुक वाटलं. खाली आत्तेची सही तेवढी राहिली होती, म्हटलं आधी सरांना दाखवू.

फाल्गुन शुद्ध पंचमीला सकाळी साडेदहाला ती हर्षद सरांसमोर बसली. डायऱ्यांची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत होती. सरांनी पानं उलटली, हसले, म्हणाले फार छान, पण ताई, विद्यापीठाला तिथी कळत नाही. शेजारी तारखा घाला.

तिनं सरांच्याच टेबलावरची दिनदर्शिका ओढली आणि तारखा घालायला लागली. शुद्ध पक्ष सरळ गेला. वद्य षष्ठीला तारीख मिळाली. वद्य सप्तमीला मिळेना. दिनदर्शिकेत षष्ठीच्या पुढच्या चौकोनात अष्टमी होती, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, सप्तमी क्षय.

सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्य उगवल्यावर सुरू होते आणि दुसरा सूर्य उगवायच्या आत संपते, मग तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. खारवीवाड्यातलं शेंबडं पोर हे सांगेल. मनिषालाही माहीत होतंच. पण गुणाकार करताना कुणाच्या डोक्यात क्षय येतो?

तिथी तीस, दिवस एकोणतीस. एकोणतीस चोक एकशे सोळा.

याहून वाईट होतं ते पुढेच. सप्तमीच्या ओळीत तिच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, वेळ सव्वापाच ते सव्वानऊ, काम, कोळंबीची आकारानुसार प्रतवारी आणि दोन खरेदीदारांशी चर्चा. जो दिवस उगवलाच नाही त्या दिवशी तिनं कोळंबी निवडली होती. तिचे कान तापले. दोन वर्षं ती ज्या पोरांना नोट्स देत होती, त्यातलं एखादं पोर शेजारी असतं तर ती टेबलाखाली गेली असती.

हर्षद सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्यासमोर अजून तीसेक डायऱ्या पडल्या होत्या. ते दमल्या आवाजात म्हणाले, ताई, चार तासांसाठी वर्ष घालवू नका. अमावास्येच्या पुढची एखादी तारीख टाका, सही-शिक्का घेऊन या. मी काही जेटीवर जाऊन बघणार नाही. उद्या बारापर्यंत मात्र हवं.

ती रिक्षात बसली आणि वाटेत दोनदा रिक्षा बदलली, कारण पहिला फार हळू चालवत होता आणि दुसरा फार बोलत होता. डोक्यात एकच चक्र. एक तारीख. एक ओळ. कारखान्याच्या मॅनेजरला तिनं परवाच सांगितलं होतं की निकाल मेअखेर लागेल, आणि या वेळी तो सहज बोलला नव्हता, त्यानं जागेसाठी तिचं नाव लिहून घेतलं होतं. आता हुकलं तर पुढचं सत्र वर्षानं, आणि वर्षभर ती थांबेल यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. तीच तर भीती होती. स्वेटर, बाही, टायपिंग, आणि त्यांच्या ओळीत पदवी.

धोंडूबाई जेटीवर शेडखाली बसली होती. समोर रिकाम्या टोपल्या, वर पत्रा वाऱ्यानं धडधडत होता. सकाळपासून वायव्येचा वारा सुटला होता आणि खाडीच्या तोंडाशी पांढरं पाणी दिसत होतं. मनिषानं डायरी पुढे केली आणि काय झालं ते एका श्वासात सांगितलं. शेवटी म्हणाली, एक तारीख टाकते, तू सही कर, सेक्रेटरीला शिक्का मारायला सांगते.

आत्तेनं डायरी हातात घेतली, उलटी की सुलटी ते आधी पाहिलं, आणि मांडीवर ठेवली.

"एकोणतीस दिवस आलीस तू," ती म्हणाली. "मी तीस कशी सांगू गो?"

"कागदावर लिहायचं आहे फक्त, आत्ते. काम तर केलंय ना मी?"

"केलास. एकोणतीस दिवसांचा केलास. चाळीस वर्षं झाली, हिथं तोंडातनं भाव गेला की मी फिरवला नाय. कधी माझा तोटा झाला तरी नाय. म्हणून लोक माझ्या तोंडाकडं बघून माल उचलतात. सही काय तोंडापेक्षा वेगळी असते?"

मनिषा चिडली. खूप चिडली. तिनं पाठ फिरवली, जेटीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, चार तासांवरून माझी तीन वर्षं जातील, मग वाड्यातले दात काढतील तेव्हा तूही काढ. आत्तेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिनं आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, उद्या बारापर्यंत मुदत आहे म्हणतेस? मग आज पंचमी. पावणेचारला भरती. तेव्हापासून चार तास धर आणि कर काम. आहे काय त्यात एवढं?

हे मनिषाला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तिनं पदर खोचला आणि विचारलं, कुठून सुरुवात करू?

सुरुवात करायला मात्र काही नव्हतं. वाऱ्यामुळे एकही बोट निघाली नव्हती, बाहेर होत्या त्या कधी येतील याचा भरवसा नव्हता. मासळी नाही तर टोपल्या धुवायच्या नाहीत. लिलाव नाही, खरेदीदार नाहीत. बर्फाची गाडीसुद्धा आली तशी हातखंब्याच्या रस्त्यानं परत गेली होती. मनिषा म्हणाली, मग काम कसलं? आत्ते म्हणाली, बोट आली नाही म्हणून जेटी बंद नसते. कधी कुठली येईल सांगता येत नाही, आली तर पुकारायला माणूस पाहिजे. वाट बघायची. तेच काम.

पावणेचार वाजले. मनिषा बसली.

पहिली वीस मिनिटं तिनं कशीबशी काढली. मग उठून टोपल्या एकात एक घातल्या. आत्ते म्हणाली, नको, लागतील तेव्हा पुन्हा काढाव्या लागतील. तिनं त्या पुन्हा काढल्या. पाणी प्यायली. मोबाईल पाहिला, लेकीला, शमिकाला, शाळेतून आलीस का विचारलं, जेव म्हटलं, जेवलीस का विचारलं. साडेचार. शेडचा एक खांब ते दुसरा खांब पावलांनी मोजला, बावीस भरली. आत्तेनं नुसतं बस म्हटलं. ती बसली की पाय हलायला लागायचे, आणि पाय दाबून धरले की बोटं पदराशी चाळा करायची. तिला वाटलं, बाजारात जाऊन यावं, अर्ध्या तासात परत येऊ, आत्तेला काय कळणार आहे. मग वाटलं, आत्तेलाच कळेल. पाच वाजून दहा मिनिटं.

दत्तारामचा फोन आला. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, आत जागा मिळेना. अकरावा दिवस. तिनं विचारलं, करता काय दिवसभर? तो म्हणाला, काय करणार, उभे आहोत. ती त्याला काहीतरी टोचून बोलणार होती, पण बोलली नाही. एरवी तो नुसता उभा असतो तेव्हाच ती इकडे चार ठिकाणी फिरत असते, हे तिच्या मनात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

सहाच्या सुमाराला सेक्रेटरी सायकल ढकलत आला. आत्तेजवळ जाऊन हळूच म्हणाला, दोन बोटी जयगडात शिरल्या, फोन आला. आत्तेनं विचारलं, आणि आपली? त्यानं मान हलवली. दुपारी बाराला बोलणं झालं होतं तेवढंच. नंतर लागत नाही.

'दशभुजा' ही आत्तेच्याच घरची बोट. हेदवीच्या गणपतीच्या नावानं ठेवलेली. तिच्यावर तांडेल म्हणून आत्तेचा मुलगा खंडू, आणि बरोबर सहा माणसं. बोट बाहेर आहे नि फोन लागत नाही, हे दुपारपासून आत्तेला माहीत होतं. सही का करणार नाही ते ती समजावत होती तेव्हा माहीत होतं. मनिषा आपल्या चार तासांसाठी आदळआपट करत जेटीच्या टोकापर्यंत जाऊन आली तेव्हाही माहीत होतं. एका शब्दानं ती बोलली नव्हती.

मनिषानं पहिल्यांदा आत्तेकडे नीट पाहिलं. इतका वेळ तिला वाटत होतं की म्हातारी निवांत बसली आहे. म्हातारी निवांत नव्हती. तिच्या हातात जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा होता, तो तिनं बोटाला इतका आवळून गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. ती मनिषाइतकीच अस्वस्थ होती, कदाचित शंभरपट. फक्त ती उठत नव्हती.

मनिषाला लाज वाटली. ती सरकून आत्तेच्या शेजारी बसली, बोटावरचा दोरा सोडवला आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवला. पाणी उतरायला लागलं होतं. सातनंतर तोंडाशी गाळ उघडा पडू लागला, म्हणजे आता बोट आली तरी आत शिरू शकणार नव्हती, बाहेरच थांबणार. मनिषाचे पाय हलायचे कधी थांबले ते तिला कळलं नाही.

पावणेआठला सेक्रेटरीनं शेडमधला दिवा लावला. आत्तेनं घड्याळाकडे पाहिलं, डायरी मागितली. मनिषानं सप्तमीची ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि खाली पंचमीची नवीन ओळ घातली, तारखेसकट. आत्तेनं सेक्रेटरीकडून ती वाचून घेतली, पुन्हा वाचायला लावली, आणि पानापानावर एकेक अक्षर दाबून सही केली. या असल्या संध्याकाळीसुद्धा तिनं एकही अक्षर घाईनं काढलं नाही.

"झाले तुझे चार तास," आत्ते म्हणाली. "जा आता. पोरगी एकटी हाय घरात."

डायरी पूर्ण झाली होती. शिक्का उमटला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मनिषाच्या हातात शेवटापर्यंत गेलेली एक वस्तू होती, आणि घरी जायला रस्ता मोकळा होता. तिनं शमिकाला फोन करून शेजारी जाऊन बसायला सांगितलं. डायरी पिशवीत घातली. आणि जिथे होती तिथे बसून राहिली.

आत्तेनं आपल्या खालची गोणपाटाची घडी थोडी उलगडून भाचीच्या बाजूला सरकवली.

साडेआठ वाजता भाट्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाबाहेर, एक दिवा दिसला. दिसला, बुडाला, पुन्हा दिसला. सेक्रेटरीचा फोन वाजला आणि तो उभ्या उभ्याच ओरडला, खंडूनं फोन केलान, इंजिनानं दगा दिला होता, सगळी माणसं बरी हायत, पहाटेच्या भरतीला आत येतो म्हणतो. धोंडूबाईनं हात जोडून कपाळाला लावले. चाळीस वर्षं जिचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जात होता, तिला त्या वेळी साधं बरं म्हणायलाही आवाज फुटला नाही. ती मनिषाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मनिषाही रडली.

पहाटे भरतीबरोबर 'दशभुजा' आत आली. मासळी फार नव्हती, अकरा टोपल्या. आत्तेचा घसा बसला होता, म्हणून लिलाव मनिषानं पुकारला. पहिल्या दोन टोपल्यांना ती अडखळली, तिसरीला तिचा आवाज लागला. ते काम तिनं डायरीत लिहिलं नाही.

साडेअकराला ती कॉलेजात पोचली. पदराला मासळीचा वास होता, आणि या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. हर्षद सरांनी डायरी चाळली. खोडलेल्या सप्तमीवर त्यांची नजर थांबली, मग शेवटच्या ओळीवर. आत्तेनं सही केल्यावर त्या ओळीत काही बदललं होतं. सुटायच्या वेळेचे पावणेआठ तिनंच खोडायला लावून साडेआठ केले होते, शेजारी धोंडूबाईची आणखी एक सही, आणि कामाच्या रकान्यात तीनच शब्द, बोटींची वाट पाहिली.

सर म्हणाले, ताई, हे काम म्हणून कसं धरू? मनिषा म्हणाली, सर, तुम्हीच चौथ्या सत्रात शिकवलंत, जहाज बंदरात नुसतं उभं राहिलं तरी त्याचे दिवस मोजतात आणि त्याचे पैसे लावतात. सर हसले. त्यांनी एकशे सोळात चार मिळवले, एकशे वीस लिहून खाली सही केली आणि शिक्का मारला. सहा सत्रं, एकशे बत्तीस क्रेडिट. आता शेवटची परीक्षा दिली की गंगेत घोडं न्हालं. मग पेन बंद करता करता त्यांच्या लक्षात आलं.

"पावणेचार ते साडेआठ. पाऊण तास जास्त होतोय तुमचा," ते म्हणाले. "पण एकशे वीसच्या वर दाखवायला रकाना नाही. सोसायटीत सांगून वेगळं पत्र आणलंत तर बघतो."

"नको, सर," मनिषा म्हणाली. "तो पाऊण तास कॉलेजचा नव्हता."

सरांना ते कळलं नसावं. त्यांनी डायरी गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढच्याला हाक मारली. मनिषा बाहेर आली. घरी जायची तिला घाई नव्हती, आणि दुसरीकडे कुठे जावंसंही वाटलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली आणि बराच वेळ बसून राहिली.